ओटीवरचा रुमाल

"मूल खोटं बोलत नाही आणि खरंही बोलत नाही, ते ज्या घरात बसलेलं असतं, त्या घराचं बोलतं," असं रश्मी गमरे एकदा नव्याने कामाला लागलेल्या मुलींना शिकवताना म्हणाली होती. मुलींनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मग त्यातली एक म्हणाली, "आणि मॅडम, ते रस्त्यात भेटलं तर?" सगळ्या हसल्या. रश्मीही हसली. पण उत्तर तिला सुचलं नाही, आणि भाईंदरच्या गोडदेवला घरी पोहोचेपर्यंतही सुचलं नाही.

तिचं काम एका दमात सांगता येत नाही. नवरा-बायको वेगळे होतात. मूल एकच असतं आणि ते दोघांनाही हवं असतं. न्यायाधीश कागद वाचतात, वकील भांडतात, पण मुलाच्या मनात काय आहे हे कागदावर नसतं. तेव्हा रश्मीला बोलावतात. मूल आईजवळ कसं बसतं, बापाजवळ कसं बसतं, दोघंही नसताना कसं बसतं हे ती बघते आणि अहवाल लिहिते. माझा अहवाल म्हणजे निकाल नव्हे, असं ती प्रत्येक आईबापाला सांगते. ते मान हलवतात. विश्वास कुणाचाच बसत नाही.

गोडदेवच्या गल्लीत तिला 'घटस्फोटवाल्या मॅडम' म्हणतात. कोपऱ्यावरचा भाजीवाला भेंडी निवडताना विचारतो, "मॅडम, आज किसका घर तोडा?"

"टूटा हुआ ही आता है भैया," ती म्हणते. "मैं तो सिर्फ देखती हूँ."

"देखने से भी टूटता है," तो म्हणतो आणि कोथिंबीर फुकट टाकतो.

घरी तिची आई कमळाबाई. पाय दुखतात म्हणून दिवसभर खाटेवर असते, पण जिभेला काही झालेलं नाही. "आली का दुसऱ्यांची अंथरुणं मोजून?" लेक आली की ती विचारते. "स्वतःचं सकाळपासून तसंच पडलंय, घडी घातली नाहीस."

अंथरुणांची गोष्ट खरी होती. रश्मी लहान असताना गोडदेवच्या चाळीत त्यांची एकच खोली होती. बाप कोंडिराम स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होता. दिवसा त्या खोलीत बघण्यासारखं काही नव्हतं, पण रात्री अंथरुणं पडली की घराचा खरा आकार दिसायचा. आईबापांचं बोलणं बंद असेल तेव्हा रश्मी आणि तिचा भाऊ उदय मध्ये. बोलणं सुरू झालं की मुलं भिंतीकडे. कुणी काही सांगायचं नाही. संध्याकाळी आई कोणती गोधडी कुठे टाकते यावरून घरात काय चाललंय ते पोरांना कळायचं.

पुढे शिकून, वेड्यांच्या इस्पितळात काही वर्षं काढून ती या कामात आली, तेव्हा पहिल्याच महिन्यात एक मुलगी समोर बसली. कागद-पेन्सिल दिली तर हात लावेना. रश्मीने घाम पुसायला काढलेला रुमाल मात्र तिने ओढून घेतला, टेबलावर पसरला आणि म्हणाली, "ही मम्मीची गादी." त्या दिवसापासून रश्मीच्या पर्समध्ये रंगीत रुमालांची पिशवी असते. टेबल म्हणजे घर. टेबलावर आडवी ठेवलेली लाकडी पट्टी म्हणजे दार. एकेक रुमाल म्हणजे एकेकाचं अंथरूण. "रात्री तुमच्याकडे कोण कुठे झोपतं, मला मांडून दाखव," एवढंच ती सांगते. मुलं बोलताना अडखळतात, पण रुमाल मांडताना अडखळत नाहीत. निदान तिला तसं वाटायचं.

ती घरी मात्र जात नसे. सुरुवातीला जायची. गेली की नवीन चादर दिसायची, किमतीची चिठ्ठी न काढलेली खेळणी दिसायची, पोह्यांवर जरा जास्तच खोबरं असायचं. आई मुलाला इतक्या गोड हाका मारायची की मूलच चमकून बघायचं. घर माझ्यासाठी नटतं, मग बघायचं काय, असं म्हणून तिने घरी जाणं सोडलं. कुणी आग्रह केला तर सांगायची, "तुमचं घर माझ्या टेबलावर आलंय."

अनिशचं घरही असंच टेबलावर आलं होतं.

अनिश आठ वर्षांचा. आई क्षितिजा अंधेरीच्या एका ऑफिसात, माहेर मिरा रोडला नवव्या मजल्यावर. बाप दिपेश लिफ्टदुरुस्तीचं काम करतो, घर भाईंदर पश्चिमेला मोरव्यात, गावातलं जुनं. तिथे त्याचे आईवडील, शेवंती आणि बाबाजी. बाबाजी मिठागरावर राबलेला माणूस, शेवंती अजून मासळी विकते.

अनिशने आधी आईचं घर मांडलं. आईचा रुमाल, आजीचा रुमाल, मध्ये स्वतःचा पिवळा. मग बापाचं. बाप इथे, आजी तिथे. पिवळा रुमाल त्याने जरा वेळ हातात धरला आणि पट्टीच्या पलीकडे, टेबलाच्या अगदी काठावर नेऊन ठेवला.

"इथे?"

"हो."

"दाराच्या बाहेर?"

"हो, बाहेर."

"एकटाच?"

तो विचारात पडला. "आजा असतो. पण तो लवकर उठून जातो."

बाहेर म्हणजे काय, हे रश्मीने विचारलं नाही. विचारावंसं वाटलंच नाही. तिच्या लहानपणीच्या दाराबाहेर चाळीची चिंचोळी वाट आणि गटार होतं. क्षितिजाच्या दाराबाहेर लिफ्ट होती. तिसरं बाहेर तिच्या ओळखीचं नव्हतं. तिने लिहिलं, 'वडिलांच्या घराच्या मांडणीत मूल स्वतःला घराबाहेर ठेवतं.'

अनिश आईकडे राहिला. दिपेशला शनिवारी दोन तास मिळाले, तेही कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, घसरगुंडी आणि मोडक्या घोड्याच्या सोबतीने. रात्र एकही नाही.

वर्षभराने एका दुपारी शेवंती गोडदेवला दारात उभी राहिली. पत्ता कुठून काढला कोण जाणे. टोपली बाहेरच ठेवून ती आत आली आणि बसा म्हणायच्या आत जमिनीवर बसली.

"मॅडम, माज्या पोऱ्याच्या पोऱ्याला आमी भायेर टाकला, असा लिवलाय तुमी."

"मावशी, केसबद्दल मला घरी बोलता येत नाही."

"नका बोलू. मीच बोलते. तुमी आमचा घर बगलाय कदी?"

"नाही."

"मंग भायेर काय हाय आमच्या, ते तुमाला काय म्हाईत? ओटी हाय ती. माजा सासरा झोपला तिथं, नवरा झोपला, दिपेश झोपला. पोऱ्या जरा मोठा झाला की ओटीवं जातो. तवर बायकांत, आत. अनिश ओटीवं गेला त्या दिशी त्यानं सगल्या आलीत सांगितला, मी आता आत झोपत न्हाय म्हनून."

खाटेवरून कमळाबाई म्हणाली, "ओटी हिला कुठनं माहीत असणार. आमच्या गावात ओट्या होत्या. पण त्या दुसऱ्यांच्या. आम्ही अंगणात उभं राहायचो. आमच्यासाठी ओटी म्हणजे आतच होतं, आणि तिथंसुद्धा घेत नव्हते."

दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणाचा आवाज चढलेला नव्हता.

"आमच्या ओटीवं येऊन बसा कदी," शेवंती म्हणाली.

"पाय चालले तर," कमळाबाई म्हणाली. "हिचे चालतात. हिला ने."

ती गेल्यावर रश्मीने पर्समधली पिशवी काढली आणि पिवळा रुमाल उगाच उलगडून बघितला. त्यावर काही नव्हतं. आपण मुलाचं 'बाहेर' लिहिलं की आपल्याच आईचं, हे तिला समजेना. चाळीच्या एका खोलीतली अंथरुणं वाचता वाचता आपण सगळ्या गावांची अंथरुणं वाचू लागलो, हे केव्हा झालं? याआधी किती मुलांनी पट्टीच्या पलीकडे रुमाल ठेवला होता? सगळ्यांचं बाहेर सारखंच होतं का? ती आठवू लागली आणि लगेच थांबली.

रात्री मिळाव्यात म्हणून दिपेशने केलेला अर्ज कोर्टात पडून होता; न्यायाधीशांची परवानगी घेऊन ती मोरव्याला गेली. ओटी पाहिली. उंच जोतं, लाकडी खांब, कोपऱ्यात गुंडाळलेली चटई, शेणाने सारवलेलं अंगण आणि पलीकडून येणारा खारा वारा. कुणाला तिथे शिक्षा म्हणून झोपवतील असं वाटत नव्हतं. तिला हलकं वाटलं. मग तिने बाबाजीला विचारलं.

"अनिश मोठा झाला म्हणून तुम्ही त्याला ओटीवर घेतलंत?"

"हां. आमच्यान तसाच करतात."

तो विडी न पेटवता बोटांत फिरवत राहिला. मग आपणहून म्हणाला, "आनि आतमंदी दोगांचा आवाज व्हायचा. पोऱ्या कान झाकायचा. म्हनून मी बोल्लो, चल भायेर."

"मग नेमकं कशासाठी, बाबाजी? मोठा झाला म्हणून, की आवाज व्हायचा म्हणून?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू तिनं विचारलेलं त्याच्या कामाचं नव्हतं. "दोन्ही एकाच रातीला झाला," तो म्हणाला.

मिरा रोडला क्षितिजा म्हणाली, "मॅम, ओटी छानच आहे. मीही दुपारी बसायचे तिथे. पण रात्री आतून कडी लागायची, ते कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोण लावायचं कडी?"

क्षितिजाने खिडकीची काच सरकवली, परत बंद केली. "मीच. आमचं भांडण बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून."

"म्हणजे अनिशला ऐकू जाऊ नये म्हणून?"

"शेजाऱ्यांना. म्हणजे... त्यालाही. मला आता नाही सांगता येत, मॅम. तेव्हा मी फक्त कडी लावली."

आणि अनिशला विचारलं तर तो म्हणाला, "ओटीवर मला आवडायचं."

"का?"

"तिथे मला कुणी काही विचारायचं नाही."

त्यानंतर रश्मीने त्याला काही विचारलं नाही. पण तिच्याकडे आता एकाच पिवळ्या रुमालाचे इतके अर्थ होते की तो कुठल्याही टेबलावर मावला नसता. मान म्हणून बाहेर. वाचवण्यासाठी बाहेर. कडी लावून बाहेर. आपणहून, सुखाने बाहेर. त्यातला एक खरा ठरला असता तर बाकीचे खोटे म्हणून सोडता आले असते. पण सगळेच खरे होते आणि एकमेकांना हटवत नव्हते. रात्री जेवताना तिने आईला विचारलं, "आपल्याकडे मी भिंतीकडे झोपायचे, तेव्हा मला कसं वाटायचं गं?"

"मला काय माहीत," कमळाबाई म्हणाली. "भिंत गार होती. तू कधी तक्रार केली नाहीस. भात घे."

सुनावणीच्या दिवशी तिने न्यायाधीशांच्या खोलीत सरळ सांगितलं की तिचं पहिलं वाक्य टिकत नाही.

"म्हणजे मूल वडिलांच्या घरात स्वतःला आत समजतं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तसंही म्हणता येत नाही, सर."

"मग कुठे समजतं?"

"ओटीवर."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. माणूस भला होता, साताऱ्याकडचा असावा. ओटी त्याला समजावून सांगावी लागली नाही. "मॅडम, आदेशात मला ओटी लिहिता येत नाही. मला हो किंवा नाही लिहावं लागतं. रात्री बापाकडे राहू द्यायचं की नाही?"

"मला माहीत नाही," रश्मी म्हणाली. इतक्या वर्षांत हे वाक्य ती त्या खोलीत पहिल्यांदाच म्हणत होती. बोलून झाल्यावर ते आपल्याच तोंडून आलं का, याचीही तिला खात्री वाटेना.

दिपेशचा वकील हसू दाबत होता. क्षितिजाची वकीलही. दोघांनाही वाटत होतं की मॅडम आपल्या बाजूच्या झाल्या.

शेवटी असं ठरलं. एक शनिवार रात्र अनिश मोरव्याला राहील. संध्याकाळी रश्मीने त्याच्याबरोबर जायचं, तो झोपेपर्यंत थांबायचं, तो कुठे झोपतो आणि कसा झोपतो हे बघून लिहायचं. नीट झालं तर मे महिन्याची सुट्टी मोरव्याला, आणि पुढे महिन्यातल्या दोन रात्री. नाही झालं तर आहे तेच, घसरगुंडी आणि मोडका घोडा.

त्या शनिवारी मिरा रोडहून रिक्षाने तिघं निघाली. क्षितिजा वाटभर अनिशच्या केसांतून हात फिरवत होती आणि तो बाहेर बघत होता. मोरव्याच्या आळीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. क्षितिजा उतरली नाही.

"मी इथेच थांबते, मॅम. तो झोपला की सांगा. मग जाते."

"आई, तू जा," अनिश म्हणाला.

"जाईन रे."

त्याच्या हातात एक जुनी गोधडी होती. ती त्याची स्वतःची, मोरव्याहून आईकडे जाताना नेलेली. ती तो कुणाला उचलू देईना.

अंगणात शिरल्यावर रश्मीला क्षणभर वाटलं, घर चुकलं. ओटी होती, पण तिला अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा लागल्या होत्या. खाली पांढऱ्या टाइल्स. खांबांना रंग. पूर्वी चटई असायची त्या कोपऱ्यात चपलांचं कपाट. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतून गार हवा येत होती. एसी, नवा पलंग, त्यावर कार्टूनची चादर. उशीला किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली.

दिपेश पुढे आला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. "बघून घ्या मॅडम. आता बाहेर काही ठेवलंच नाही. सगळं आत केलंय."

"पण मी सांगितलं होतं ना कोर्टात, की ओटी..."

"ऐकलं मी. पण वकील बोलले, पहिला रिपोर्ट अजून फायलीत आहे. रिस्क नको. बाहेर शब्द आहे ना त्यात. म्हणून बाहेर बंद करून टाकलं."

"ओटीला कोंडला यानं," शेवंती आतून म्हणाली. "आता मासलीचा वास पन आतच."

"आये, गप जरा."

"मी गपच हाय. काच बोलते, सरकवली की."

बाबाजी काचांच्या आत, टाइल्सवर चटई टाकून बसला होता. काचा त्याने जेवढ्या सरकत होत्या तेवढ्या सरकवल्या होत्या. नातू दिसल्यावर तो उठला नाही, फक्त चटईवर जरा बाजूला सरकला. तेवढ्याने एका लहान अंथरुणाची जागा झाली.

अनिश उंबऱ्यावर उभा राहिला. उजवीकडे गार खोली, पलंग, बाप. डावीकडे ओटी, काचा, म्हातारा. त्याने दोन्हीकडे पाहिलं. पूर्वी त्याला बघावं लागलं नसतं. मग त्याने मान वर करून रश्मीकडे पाहिलं आणि गोधडी छातीशी धरून विचारलं, "मॅडम, कुठे घालू?"

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"मॅडम सांगतील तिथे," दिपेश म्हणाला.

"सांगा ना, बाय," शेवंती म्हणाली. या वेळी टोमणा नव्हता.

बाबाजीने चटईवरची रिकामी जागा हाताने पुसली.

रश्मी 'आत' म्हणाली तर हे घर कायमचं असंच होईल, गार आणि चिठ्ठी लागलेलं, आणि ओटी पुन्हा उघडणार नाही. ओटीवर म्हणाली तर उद्या सकाळी दिपेश काचा उखडेल, कारण मॅडम म्हणाल्या. तुला कुठे आवडेल असं विचारलं तर तो उत्तर देईल, नक्की देईल, आणि ते उत्तर, ती आत्ता ज्या घरात उभी आहे, त्या घराचं असेल. घर तिच्यासाठी नटतं, हे तिला माहीत होतं. पण या वेळी ती यायच्या आधी, तिने लिहिलेल्या एका वाक्यासाठी घर नटलं होतं, आणि आता मूलही नटायला तयार होतं. तिचं काम होतं बघायचं. मूल कुठे झोपतं ते बघून लिहायचं. पण ती बघत होती तोपर्यंत मूल झोपणारच नव्हतं. ते तिच्या तोंडाकडेच बघत राहणार होतं. की हीदेखील तिची चूकच होती, आणखी एक चुकीचा वाचलेला रुमाल? कदाचित त्याला नुसतं कुणी तरी सांगायला हवं होतं. लहान मुलाला सांगायचं असतं, इथे झोप. कमळाबाईने कधी विचारलं नव्हतं.

"मॅडम?" अनिश म्हणाला.

आळीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती, तिच्यात क्षितिजा होती, आणि उद्या न्यायाधीशांसाठी लिहायच्या कागदावर एक जागा रिकामी राहणार होती. रश्मीने पर्स खांद्याला लावली. तिने अनिशच्या डोक्यावर हात ठेवला नाही, बाबाजीकडे बघितलं नाही, दिपेशच्या चेहऱ्याकडेही नाही. ओटीची पायरी उतरण्याआधी तिने चपला शोधल्या. त्या नव्या कपाटात कुणीतरी आदराने ठेवल्या होत्या, त्यामुळे जरा वेळ गेला.

मागे गोधडी झटकल्याचा आवाज आला. तो काचांच्या बाजूने आला की खोलीच्या, हे वळून बघितलं असतं तर कळलं असतं. रश्मी अंगणातून बाहेर पडली.